खालूंची गोधडी

खालूंना उघडी वस्तू बघवत नसे. पाण्याची बाटली, हातोडीची मूठ, माझा जेवणाचा डबा, जे हाती लागेल त्याला ते काळ्या रबरी इन्सुलेशनचा तुकडा गुंडाळून टाकत. मस्कतमधल्या दार्सैतच्या आमच्या खोलीत नळालासुद्धा अंगरखा होता. मी नागपूरचा इलेक्ट्रिशियन, ते रत्नागिरीकडचे पाइपफिटर. कोकणी मुसलमानांत मावशीच्या नवऱ्याला खालू म्हणतात. हे मात्र अख्ख्या कंपनीचे खालू होते.

उभं आयुष्य त्यांनी मस्कतमध्ये एसीच्या थंड पाण्याचे पाइप टाकण्यात घालवलं. "थंड पाइपला चहूकडून गोधडी पायजे, नायतर घाम येतो त्याला," हा त्यांचा मंत्र. जेवताना, झोपताना, बसमध्ये, कुठेही सुरू व्हायचा. माझे कान किटले होते.

कायमचं घरी परतण्याआधीचं त्यांचं शेवटचं काम जबल अख्दरवर निघालं. तिथे डोंगरावर हिवाळ्यात दातावर दात वाजतात. आमच्या अर्बाबने, म्हणजे मालकाने, गुडघेदुखीने बेजार झालेल्या आपल्या आईसाठी घर बांधलं होतं. लाकडी फळ्यांची जमीन आणि फळ्यांखाली गरम पाण्याचे पाइप. खालूंनी पाइप टाकले, मायेने गुंडाळले, वर फळ्या ठोकल्या. म्हातारी राहायला आली, बॉयलर सुरू झाला आणि जमीन आपली थंडगार. सगळ्यांनी मिळून बॉयलरवाल्याला शिव्या घातल्या.

खालू मात्र फळीवर पालथे पडले, तळहात टेकवला आणि मग कपाळावर मारून घेतला. "माझीच अक्कल शेण खायला गेली रे. गरम पाइपला खाली नुसती गादी पायजे होती. मी वरूनपण गोधडी घातली, ऊब आतच कोंडली." लगेच उठून हेच ते अर्बाबला तोंडावर सांगून आले.

दोन दिवसांवर त्यांच्या मुलीचा निकाह होता, तिकीट खिशात. अर्बाब भला माणूस. म्हणाला, "यल्ला, तू जा. दुसरा कोणी करेल, इन्शाल्ला." मीही तापलो. म्हटलं, "खालू, पोरीचं लग्न आहे. जमीन काय पळून जातेय?"

"दुसरा खिळे उपसताना पाइप भोसकेल. कुठून गेलाय ते मलाच ठाऊक. तोवर म्हातारीने थंडीत बसायचं?"

असल्या हट्टी माणसाचा राग येतो आणि जीवही जडतो, काय करणार.

निकाह खालूंच्या भावाने लावून दिला. खालूंनी तो उचकटलेल्या फळ्यांमध्ये बसून मोबाइलवर बघितला. का थांबलो ते त्यांनी घरी सांगितलं होतं, तरी रागावलेली बायको फोनवर आलीच नाही. डोळे पुसून ते पुन्हा ओणवे झाले आणि पाइपवरचं रबर कापत राहिले.

फळ्या परत बसल्या, बॉयलर लावला. दुपारपर्यंत जमीन छान उबदार झाली. म्हातारीने मोजे काढले आणि पाय पसरून बसली. तेवढ्यात मुलीचा फोन आला. खालूंनी भीतभीत स्पीकर लावला. आता पोर रडणार, नाहीतर भांडणार, असं मलाही वाटलं.

ती म्हणाली, "अब्बा, म्हातारीचे पाय गरम झाले?"

खालूंनी फोन माझ्यापुढे धरला. मी तो घेतला आणि म्हणालो, "झाले गं बाई, झाले."