सात ते आठ फक्त कानडी

आमच्या घरात म्हैस कधीच नव्हती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं तिचा उल्लेख बराच येणार आहे आणि वाचणाऱ्याचा गैरसमज व्हायला नको. एका घराचा झाला तेवढा पुरे.

गोष्ट सत्तर-पंचाहत्तरच्या दरम्यानची. सोलापुरात आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड. सासूबाई (त्यांना मी आत्याबाई म्हणायची), आमचे हे, नणंद शकू, मी आणि पाळण्यातली आमची लेक. शकू लग्नाची झालेली. दिसायला नीटस, कामाला चपळ, फक्त बोलायला लागली की थांबायचं कुठं ते तिला कळत नसे. पहिल्या स्थळाच्या लोकांनी "नाव काय तुझं?" एवढंच विचारलं होतं. तिनं नाव सांगितलं, ते कुणी ठेवलं ते सांगितलं, ठेवताना दोन आत्यांचं कसं वाजलं ते सांगितलं, आणि त्यातली धाकटी आत्या हल्ली वैरागला असते इथवर आली तोवर पाहुण्यांचा चहा गार झाला. दुसऱ्या स्थळाच्या पाहुण्यांनी चहाही घेतला नाही.

मग आलं विजापूरचं स्थळ. मुलगा शाळामास्तर. शकूनं त्याचा फोटो पाहिला आणि चक्क पाच मिनिटं गप्प बसली, त्यावरून आम्ही काय ते ओळखलं. स्थळ आणलं होतं मुलाच्या मामांनी. ते टेंभुर्णीचे, फाट्यावर खताचं दुकान. जाताना म्हणाले,

"सगळं बेस हाय. पर एक सांगतो. त्या घरात पोराच्या आजीचा शब्द चालतो, आन् म्हातारीला कानडीबिगर काय येत न्हाय. पोरीला थोडं कानडी यायला लागलं, तर मी आजीला तसं कळवतो. म्हैनाभरानं येतो की परत."

आमच्या घरात कानडी कुणालाच येत नव्हतं. मी माढ्याकडची. तिकडं कानडी फक्त बाजारात ऐकायची, तेही लांबून.

पण मला वाचायची सवय. शाळा माझी चौथीपर्यंत, पुढचं सगळं शिक्षण वाण्याच्या पुड्यांवर. डाळ डब्यात ओतली की कागद सरळ करून वाचायचा. तर त्याच आठवड्यात शेंगदाण्याच्या पुडीवर लेख निघाला, नवी भाषा शिकण्यासाठी लावायच्या सवयी! सवय पहिली, रोज पाच शब्द पाठ करा. सवय दुसरी, रोज एक तास घरात फक्त नवीच भाषा बोला. सवय तिसरी... आणि तिथं कागद फाटलेला. मी म्हटलं, दोन तर दोन.

शब्द कुणाकडून घ्यायचे? गौरव्वाकडून. ती अक्कलकोटकडची, बोळाच्या टोकाला तिचा गोठा, रोज सकाळी दूध घालायला यायची.

"गौरव्वा, रोज पाच शब्द सांगत जा की कानडी."

"कशाला वो अक्का?"

"असंच. हौस."

खरं कारण सांगायला आत्याबाईंची बंदी होती. "दुसरं स्थळ येणार म्हणून सगळ्या बोळाला ठावं झालं हुतं, काय झालं? आता लगीन ठरंस्तवर तोंडातनं एक अक्षर काढायचं न्हाई."

गौरव्वा मनानं दिलदार. माप ओतता ओतता पाच शब्द सांगायची, मी कोळशानं भिंतीवर लिहून घ्यायची. हालु म्हणजे दूध. नीरु म्हणजे पाणी. एम्मी म्हणजे म्हैस. करु म्हणजे रेडकू. हिंडी म्हणजे पेंड. दुसऱ्या दिवशी चारा, दावं, गोठा, शेण, शिंगं. तिसऱ्या दिवशी म्हशीचे आजार. मला वाटलं, सुरुवात अशीच असेल, पुढं माणसांवर येईल. पण गौरव्वाचा दिवस पहाटे म्हशीपाशी सुरू व्हायचा आणि संध्याकाळी म्हशीपाशीच संपायचा. तिच्याजवळ जे होतं ते तिनं मनापासून दिलं. दोष द्यायचा तर मलाच, मी मास्तरीण बघून घेतली नाही.

दुसरी सवय मी जेवणाला जोडली. संध्याकाळी सात ते आठ फक्त कानडी. जो मराठी बोलेल त्याच्या ताटातली शेंगाची चटणी काढून घ्यायची. (हा दंड माझ्याच डोक्यातून निघाला. सोलापूरच्या माणसाला याहून मोठी शिक्षा काय देणार?) अंमलबजावणी आत्याबाईंकडे. त्यांना कानडी शिकण्यात गोडी नव्हती, पण दंड करण्यात होती.

पहिल्या संध्याकाळी सातचे टोले पडले आणि आमचं घर मुकं झालं.

दहा शब्दांत माणूस बोलणार तरी काय? आमचे हे पानावर बसले. भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाले, "नीरु." मी पाणी दिलं. पुन्हा सगळं गप्प. बऱ्याच वेळानं त्यांनी आणखी एकदा भिंत वाचली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "एम्मी." काहीतरी बोलावं म्हणून बोलले बिचारे. मग न राहवून, "अगं, आमटीत मीठ..." इतकंच निघालं तोंडातून. आत्याबाईंचा हात आला आणि चटणी गेली. त्या आठवड्यात त्यांनी चार दिवस कोरडी भाकरी खाल्ली आणि तीन दिवस अळणी आमटी.

शकूचे हाल बघवत नव्हते. पोरगी लालबुंद व्हायची, डोळ्यांत पाणी यायचं, पण फोटो आठवून ओठ घट्ट मिटायची. आठाचा शेवटचा टोला पडला की असा लोंढा सुटायचा की आम्ही जेवलेली भांडी घासून पालथी घालेपर्यंत ओसरत नसे. मोकळीक फक्त पाळण्यातल्या लेकीला. ती काय बोलायची ते तसंही कुठल्याच भाषेत नव्हतं.

आता आमच्या आणि शेजारच्या चंद्राक्कांच्या घरात भिंत होती ती एका विटेची. तिकडं फोडणी पडली की इकडं ठसका लागायचा. रोज संध्याकाळी आमच्याकडचा गलका ऐकायची त्यांना सवय, आणि एकाएकी तो बंद! आठ दिवस त्यांनी कळ काढली. मग नळावर मला गाठलं.

"मालन, घरात काय झालंय का?"

"छे. काही नाही."

"मग सात वाजले की तुमी बोलत का न्हाई एकमेकांशी?"

"बोलतो की."

"व्हय, ऐकलंय मी काय बोलता ते." त्यांनी आवाज खाली आणला. "थोडं कानडी मला बी कळतंय. तुझा नवरा तुला म्हैस म्हणतो."

काय सांगणार? खरं सांगायची बंदी, आणि खोटं पटकन सुचेना. मी म्हटलं, "मला उद्देशून नसतं ते."

"मग काय सासूला?"

मी घागर उचलून घरी आले. चंद्राक्का मनानं चांगल्या. त्यांनी सगळा विचार करून निष्कर्ष काढला की या घरात कायतरी मोठं बिनसलंय, आणि माणसं इतकी अब्रूची की बाहेर कळू नये म्हणून भांडतातसुद्धा कानडीत. (शेंगदाण्याच्या पुडीवरची तिसरी सवय बहुतेक 'शेजाऱ्यांना सांगून ठेवा' अशी असावी.)

आणि महिनाभरानं येतो म्हणालेले मामा नेमके अकराव्या दिवशीच आले. आमच्याकडे नाही, आधी चंद्राक्कांकडे. मुलीकडची चौकशी शेजारी करायची हा रिवाजच, त्यांची काही चूक नाही. चंद्राक्कांनी आमची बाजू घ्यायची म्हणून जिवापाड कौतुक केलं. "माणसं सोन्यासारखी हायत. सात ते आठ सोडलं तर."

"सात ते आठ काय असतंय?"

"ते तुमीच बघा. मी कशाला कुणाचं उणं काढू?"

सव्वासातला मामा दारात. आम्ही सगळे पानावर. बोलायची चोरी! आमच्या ह्यांनी तोंड उघडलं, आत्याबाईंनी चटणीकडे बघितलं, त्यांनी मिटलं. मला वाटलं, बरं झालं, कानडी शिकतोय ते यांना दाखवायची हीच संधी. मी पदर सावरून पुढं झाले.

"बर्री," म्हटलं. या. "कुंद्री." बसा. "नीरु." पाणी दिलं. "हालु." दूध दिलं. मग माझ्याजवळची माणसांत बोलण्यासारखी भाषा संपली. थोडं थांबून मी म्हटलं, "एम्मी."

मामांना स्वतःला कानडीचा गंध नव्हता हे आम्हाला तेव्हा कुठं माहीत? ते टेंभुर्णीचे! बिचारे भिंतीला टेकून बसले. आम्ही बोलेना म्हणून तेही बोलेनात. मी त्यांचं पान वाढलं. शकू खाली मान घालून, घामाघूम. पाळण्याची कडी तेवढी कुरकुरत होती. अर्धी भाकरी झाल्यावर मामांना राहवलं नाही.

"चटणी लई झकास झालीया, बरं का," ते म्हणाले.

आणि आत्याबाईंनी त्यांच्या ताटातली चटणी काढून घेतली.

मुद्दाम नाही हो! हाताला सवय लागली होती. मराठी कानावर पडलं की हात जायचा. सवय म्हणतात ती हीच. पण मामांचा घास हातातच राहिला. त्यांनी ताटाकडे पाहिलं, आत्याबाईंकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. चप्पल किती लांब आहे याचा अंदाज घेतला असावा. मी शकूकडे न बघता भाकरीची टोपली उगाच झाकली. तिसरं स्थळ, आणि ते मी घालवलं, एका पुडीपायी.

तेवढ्यात आठ वाजले.

शकूनं बोलायला सुरुवात केली. शेंगदाण्याची पुडी, गौरव्वा, पाच शब्द, चटणीचा दंड, मिठाचं प्रकरण, चंद्राक्का, सगळं एका दमात. मामा ऐकत गेले आणि हसत गेले. शेवटी त्यांना चटणी परत मिळाली, तीही दुप्पट.

"एवढं कानडी येतंय म्हणता, तर सगळे शब्द ह्या कागदावर लिहून दे, पोरी," ते म्हणाले. "आजीला धाडतो. मला त्यातलं काय कळतंय?"

शकूनं भिंतीवरून सगळे शब्द उतरवून दिले. पंचावन्न भरले.

आठ दिवसांनी मामांचं पत्र. आमच्या ह्यांनी मोठ्यानं वाचलं. "आजी खूश आहेत. नातवाने यादी वाचून दाखवली. म्हणाल्या, ज्या पोरीला पेंड, दावं आणि रेडकाचं दुखणं ठाऊक, ती आपल्या घरची. तुमच्या दारात म्हैस आहे असे त्यांना वाटते. मी नाही म्हणालो नाही. येत्या सोमवारी त्या मुलगी आणि म्हैस दोन्ही बघायला येत आहेत."

घरात शांतता पसरली. सात वाजले नव्हते तरी.

"आता?" आत्याबाई म्हणाल्या.

आता काय! गौरव्वाला सगळं खरं सांगितलं आणि एका दुपारपुरती तिची एक म्हैस आमच्या दारात आणून बांधली. गौरव्वा म्हशीशेजारी उभी राहिली. मोलकरीण म्हणून.

आजी आल्या. काठी टेकत आधी शकूला पाहिलं. शकूनं वाकून नमस्कार केला आणि पंचावन्न शब्द बोलली. तेवढेच होते, म्हणून तेवढ्यावर थांबली. पहिल्या दोन स्थळांच्या वेळी ही सोय नव्हती. आजींनी तिच्या गालावरून हात फिरवला आणि कौतुकानं मान हलवली. पोरगी हुशार, आणि मोजकं बोलणारी!

मग त्या म्हशीकडे वळल्या. बरगड्यांवरून हात फिरवला. शिंगं बघितली. दावं बघितलं. गव्हाण बघितली, म्हणजे आमचं कपडे धुवायचं घंगाळ. आणि काठी जमिनीवर आपटून विचारलं, ही कुणाच्या ताब्यात असते?

आत्याबाईंनी माझ्याकडे बोट केलं. आमच्या ह्यांनी केलं. शकूनंही केलं, तिच्या तर जन्माचा प्रश्न होता.

त्यापुढं आजींनी मला जे फैलावर घेतलं! हिला पेंड घालतेस की नुसता वास देतेस? पाणी दाखवतेस का कधी? दावं हे असं बांधतात? शेण किती दिवसांचं आहे हे? मुक्या जिवाचे असे हाल करतेस, लाज वाटत नाही? मी खाली मान घालून उभी. आणि म्हशीची खरी मालकीण, आमची गौरव्वा, ती काय करत होती? आजींच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती.

"व्हय की आजी," तिनं आधी कानडीत सांगितलं आणि मग मला कळावं म्हणून मराठीतही. "मी रोज सांगते ह्या अक्काला. ऐकतच न्हाईत."

जाताना आजींनी निकाल दिला. मुलगी पसंत. सुपारी याच महिन्यात फोडू. म्हैस मात्र कुणातरी चांगल्या माणसाला देऊन टाका.

शकू विजापूरला गेली, महिन्याभरात कानडी शिकली आणि आजींच्या तोडीस तोड बोलायला लागली. दोघींचं छान जमलं म्हणे. माझं शिक्षण तिथंच थांबलं. पण माझी मेहनत अगदीच वाया गेली असं कुणी म्हणू नये. त्या दुपारी आजी माझ्यावर जे काही बरसल्या, त्यातला शब्दन् शब्द मला कळला. गौरव्वानं मराठीत सांगायची गरजच नव्हती.