पाहुणे सर आणि जाळंवाला म्हातारा

विद्यापीठात मालिका-लेखन शिकत होतो, तेव्हा एक पाहुणे सर आम्हाला खरं गाव दाखवायला डिंभ्याला घेऊन आले. त्यांचं नाव इथं घ्यायची माझी इच्छा नाही. काळा चष्मा होता, आणि समोरचा जरा लांबण लावतोय असं वाटलं की चुटकी वाजवायची सवय.

ते जीपमधून उतरलेच नाहीत. धरणाकाठी जाळं सांधत बसलेल्या म्हाताऱ्याला खिडकीतूनच विचारलं, "बाबा, आयुष्यातला सगळ्यात मोठा संघर्ष कोणता?"

म्हाताऱ्यानं पाण्याकडं हात केला. "आमचं गाव व्हतं तिथं. धरणात गेलं."

सरांनी चुटकी वाजवली. "ते सगळ्यांचंच गेलं. घरातलं सांगा. सासू-सुनेचं भांडण वगैरे?"

"भांडायला आदी घर लागतं, राव."

"वा," सर आम्हाला म्हणाले, "लिहून घ्या." आम्ही निमूट लिहून घेतलं.

वर्षभरात सरांच्या मालिकेत तेच वाक्य ऐकलं. संगमरवरी जिन्यावर उभी राहून, दागिन्यांनी लगडलेली सासू ते सुनेला सुनावत होती.

आता मालिका-लेखन मी शिकवतो. उत्तम संवाद म्हणून हेच वाक्य फळ्यावर लिहितो. मुलं विचारतात, कुणाचं? मी सरांचं नाव सांगतो.