आम्ही चाळीतल्या मोर्चेवाल्या

मोर्च्यात चपला हरवतात आणि किस्से सापडतात. माझ्या किती चपला गेल्या विचारू नका! मी चौथीपर्यंत शिकलेली, भाषण मला जमत नाही. पण घाटकोपरच्या आमच्या चाळीतल्या बायका मोर्च्याला निघाल्या की मी पुढे!

पहिला मोर्चा नळाच्या पाण्याचा. वॉर्ड ऑफिसातला साहेब म्हणाला, “तुमची पुढारी कोण? एकीनंच बोला.”

आमच्यात वयानं मोठी मालवणची काकी. ती म्हणाली, “पुढारी घरी तांदूळ निवडतेय. तू पाणी सोड, मग तिला पाठवते!”

*

मग मुंबई महाराष्ट्रात हवी म्हणून मोर्चे सुरू झाले. शेजारची यमुना म्हणाली, “मी पण येते गं.”

यमुनेचे यजमान भिकाजीराव सरकारी कारकून. नोकरी जाईल म्हणून सदा धास्तावलेले. त्यांनी तिला बजावलं होतं, “मोर्च्यात दिसलीस तर हा उंबरा पुन्हा चढायचा नाही. सरळ माहेरी जायचं!”

तरी ते ऑफिसला गेले की यमुना आमच्याबरोबर. पण घोषणा द्यायची तर तोंडच उघडेना! रस्त्यात ओरडायची सवय कुठे बायकांना?

मी म्हटलं, “अगं, गॅलरीतून भाजीवाल्याला हाक मारतेस ना, तशी मार!”

तिनं कमरेवर हात ठेवला आणि, “ए ऽ ऽ ऽ! मुंबई आमची ऽ ऽ ऽ!”

पुढचा अख्खा मोर्चा मागे वळून बघायला लागला. एक हातगाडीवाला खरंच थांबला!

*

एकदा पोलिसांनी आम्हाला अडवलं. एक तरणा पोलीस लाठी उगारून आला. काकीनं त्याला निरखून बघितलं.

“मेल्या, तू आमच्या वाडीतलो मां रे? थांब, सांगतंय तुझ्या आवशीक!”

आईला सांगणार म्हटल्यावर लाठी खाली. पोरगा कानाशी येऊन म्हणतो, “काकी, निदान कडेकडेनं तरी चला ना!”

*

आमचे हे विचारायचे, “मोर्च्याला जाऊन मिळतं काय तुम्हाला?”

समोरच्या बिल्डिंगमधल्या वकिलीणबाई कधी आमच्याकडे मान वर करून बघायच्या नाहीत. एकदा त्याही मोर्च्याला आल्या आणि पोलिसांनी सगळ्यांना पकडून लॉरीत घातलं, तेव्हा बसल्या माझ्या मांडीला मांडी लावून. त्यांनी लाडू काढले, मी चटणी-भाकरी. चौकी येईपर्यंत त्यांनी सासूची सगळी गाऱ्हाणी सांगून टाकली!

हळदीकुंकवात बायका एकमेकींच्या साड्या बघतात. ओळख होते ती पोलिसांच्या लॉरीत.

*

त्या दिवशी लॉरीत काकी होती, यमुनाही होती. “माझी वाट लागली गं,” एवढंच म्हणत होती.

चौकीत जमादारानं विचारलं, “नाव? नवऱ्याचं नाव?”

आता आली का पंचाईत! नवऱ्याचं नाव आम्ही घेतो होय? मग काकीच्या नवऱ्याचं नाव मी सांगितलं, माझ्या नवऱ्याचं यमुनेनं, यमुनेच्या नवऱ्याचं वकिलीणबाईंनी. जमादाराचा असा घोळ झाला की माझा नवरा काकीच्या नावावर चढला!

काकी म्हणाली, “राहू दे रे. म्हातारपणी तरणो मिळालो!”

आम्ही हसतोय, आणि दारात भिकाजीराव! ऑफिसातून तडक आलेले, कोट घामानं भिजलेला. बातमी लागली होती. यमुनेनं पदर डोक्यावर घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं.

लग्न झाल्यापासून भिकाजीराव तिला ‘अगं ए’ म्हणायचे, दुसऱ्यांसमोर ‘आमच्या घरात’. तिचं नाव त्यांच्या तोंडून चाळीत कुणी ऐकलं नव्हतं.

जमादार वैतागलेलाच होता. “तुम्ही कोण? यातल्या कुणाचे?”

भिकाजीरावांनी टोपी काढली, घाम पुसला, पुन्हा घातली.

“यमुनेचा.”

“काय? मोठ्यानं बोला!”

“यमुनेचा नवरा मी!” भिकाजीराव ओरडले. “घरी न्यायला आलोय तिला!”