पदराचं टोक

दारव्ह्याला भाचीच्या लग्नात हळदीचा वास आला आणि मला माझी पाठवणी आठवली. त्या दिवशी आईच्या पदरालाही हाच वास होता. मी रडत होते. माझे डोळे पुसायला आई पदर घेऊन पुढे आली, तेवढ्यात व्हिडिओवाला म्हणाला, "मावशी, बाजूले व्हा. क्लोजअप घेऊन राह्यलो."

ती निमूट मागं सरली.

पुढे लग्नाची कॅसेट पाहताना गालावरून ओघळणारा तो थेंब सगळ्यांनी वाखाणला. "सिनेमातल्यावानी आला," मीही कौतुकानं सांगायची.

आता आई नाही. लग्नभर ती पाहुण्यांच्या चहापाण्यात होती, म्हणून अख्ख्या कॅसेटमध्ये ती एवढीच सापडते: माझ्या चेहऱ्याच्या कडेला, पदराचं टोक धरलेला, मागं जाणारा हात.