दोन लेकरांना दोघी

बाळू मातीखालून बोलत होता आणि मी जीपमध्ये बसले.

"आई, माती काढ," एवढंच तो म्हणाला. दोनदा म्हणाला. उजाडलं होतं, वरून पाऊस होता. धाकटी लेक सुशी, तिला आम्ही आधीच बाहेर काढलं होतं. ती चार वर्षांची. कमरेखाली तिला काही कळत नव्हतं, पाय नुसते लोंबत होते. तिला दाराच्या फळीवर निजवली. जीपवाला कोण कुठला कोणास ठाऊक, जखमी भरून लातूरला निघाला होता. तो ओरडला, "बाई, पोरीसंगं कुणीतरी चला, न्हाई तर मी निघालो." आमचे मालक गेले होते, सासू गेली होती. दोघांचीही तोंडं मी स्वतः पुसली होती. दीर शेतात निजायला गेलेला म्हणून वाचलेला, तो कुदळ घेऊन उभा. म्हणाला, "वैनी, तुम्ही जावा. मी हाय हितं. काढतो त्याला."

मी बसले. बाळू सहा वर्षांचा होता.

माझं गाव सुटलं ते असं. लोक सामान बांधून, देवापुढं सुपारी ठेवून गाव सोडतात. मी नखांत माती घेऊन निघाले. हे लिहिते ते तुमच्यासाठी, जे नव्या गावठाणात राहिले, आणि जे लातूर, नांदेड, पुणे असे पांगले. चौथी शिकलेली बाई आहे, जसं येतं तसं लिहिते.

त्या मातीचं आधी सांगते. आपल्याकडं दगडाच्या भिंती आणि वर मातीचं माळवद. पावसाआधी माळवदावर गढीची पांढरी माती टाकायची, म्हणजे घर गळत नाही. जुनी माती कुणी काढत नसे. तिच्यावरच नवी. सासूच्या लग्नाच्या वेळची माती खाली, माझ्या लग्नाच्या वेळची तिच्यावर. सासू म्हणायची, "गळकं घर म्हणजे फुटकी बाई." भूकंपाच्या त्या वर्षी लेकरं निजायची तिथंच गळत होतं. मी बरोबर तिथं मातीच्या पाट्या जास्त टाकल्या. बाळूनंही त्याच्या लहान टोपल्यानं माती वाहिली, मी त्याला शाबास म्हणाले. जमीन हलली तेव्हा ती सगळी खाली आली. मी लघवीला उठून बाहेर आले होते, म्हणून आज लिहिते आहे.

दीर तिसऱ्या दिवशी दवाखान्यात आला. दारातूनच त्यानं मान हलवली. त्या दिवशी दुपारी काढला म्हणाला, तोवर गेला होता. दुपारपर्यंत तो किती वेळ बोलत होता, हे मी विचारलं नाही. आता दीरही नाही.

सुशीचे पाय परत आले नाहीत. पत्र्याच्या शेडमध्ये चार महिने राहिलो. चिखलातून पोरीला कडेवर घेऊन परसाकडं न्यायची, आणि बायका तोंडावर म्हणायच्या, "गेली असती तर सुटली असती." त्यांनीही लेकरं पुरली होती, म्हणून मी भांडले नाही. लातूरला निघून आले. आधी धुणीभांडी केली. मग शिकवण्यांचं पेव फुटलं. जिकडंतिकडं क्लास, वसतिगृहं, मेस. मी पोरींचे डबे करायला लागले. गावाकडं माणसं मोजून भाकरी थापणारी बाई मी, इथं शंभर पोळ्या लाटून 'मेसवाल्या मावशी' झाले.

जूनमध्ये आईबाप पोरींना सोडायला यायचे. हदगावच्या, नायगावच्या, देवणीच्या. गादी, बादली, लाडवाचा डबा. एक बाप फाटकाबाहेर तासभर उभा होता. मी म्हणाले, "जावा आता. राहून काय करता?" तो म्हणाला, "मावशी, पाय निघंना." मी आत निघून गेले. पाय निघतो, हे त्याला कोण सांगणार.

सुशी शिकली. पोरींच्या एका वसतिगृहात हजेरी लिहिते. जावई रिक्षा चालवतात, माणूस बरा आहे. तिला दोन लेकरं. ओम चार वर्षांचा, मनी दीड वर्षाची.

आमच्याकडं एक नवं मैदान झालं आहे. दिव्यांग आणि इतर, सगळ्या लेकरांनी एकत्र खेळायचं. खाली रबर, घसरगुंडीला पायऱ्यांऐवजी उतार, पट्ट्याचा झोका. खेळायला एक लहान घरही आहे. पहिल्या दिवशी मी त्याचं छत हातानं ठोकून पाहिलं. प्लास्टिक होतं. मग ओमला आत सोडला.

त्याच दिवशी राखणदार सुशीच्या चाकांच्या खुर्चीपुढं आडवा आला. "ताई, हे अपंग लेकरांसाठी हाय. मोठ्यांसाठी न्हाई."

सुशी म्हणाली, "अपंग लेकरं मोठी होत न्हाईत का, मामा? का तशीच वाळवून ठेवता?"

बाकावरच्या बाया हसल्या. तो बाजूला झाला. आता तोच तिच्यासाठी फाटक उघडून धरतो.

परवाची गोष्ट. ओम प्लास्टिकच्या बोगद्यात शिरला आणि आत त्याचा सदरा खिळ्याला अडकला. तो आतून ओरडला, "आज्जी, मला काढ!" त्याच वेळी मनी उतारावरून वर पोचली आणि कडेच्या गजातून डोकं बाहेर काढून रडायला लागली. एक आत, एक वर. मी मधे उभी. पाय हलेनात. बाया बघत होत्या.

सुशी खेकसली, "आई, उभी काय राहिलीस? तू ओमला काढ, मनीकडं मी चालले!" आणि दोन्ही हातांनी चाकं रेटत ती उतार चढून गेली.

मी रांगत बोगद्यात शिरले. सदरा फाडला, पोराला ओढून काढलं. बाहेर आले तर मनी सुशीच्या मांडीवर, नाक पुसून घेत होती.

"एवढं काय घाबरायचं?" सुशी म्हणाली. "तोंड बघ, पांढरं पडलंय."

मी सांगून टाकलं. "आपण जीपमध्ये बसलो तवा बाळू बोलत होता. माती काढ म्हणत होता."

इतकी वर्षं तिला वाटत होतं की तो आधीच गेला होता. मीच तसं सांगितलं होतं. तिनं मनीचे केस नीट केले. मग म्हणाली, "मग मला का नेलंस?"

"तू वर होतीस. तो खाली होता."

"मी लाडकी म्हणून न्हाई?"

"न्हाई. आणि वरची माती मीच टाकली होती. त्याच जागी, जास्तीची."

"सगळ्या गावानं टाकली होती," ती म्हणाली. माझ्याकडं बघितलं नाही. मनीच्या पायात बूट चढवला, मग दुसरा. मग म्हणाली, "उद्या पाण्याची बाटली आण. आज विसरलीस."

त्यापुढं आम्ही ते बोललो नाही. तिनं मला माफ केलं का, मला माहीत नाही. मी विचारणार नाही. दुसऱ्या दिवशी बाटली नेली.

तुम्ही विचारता, गावाला का येत नाही. नव्या गावठाणात माझ्या नावाचं घर आहे, त्याला कुलूप आहे. जुन्या गावात बाभळी आहेत. मी पत्र्याखाली निजते, स्लॅबखाली मला झोप लागत नाही. घर म्हणून आता मला ठाऊक आहे ती एकच जागा, जिथं दोन लेकरं ओरडली तर दोघी जणी पोचतात. त्या दिवशी मी एकटी होते.

आमच्या घरात त्या रात्री पाच जण निजलो होतो. मी आणि सुशी वाचलो.