दुखेल, तू मोज

घरात तिला गोगलगाय म्हणत. कोणी "बस" म्हटलं की बसायची, "ऊठ" म्हटलं की उठायची, मधल्या वेळात तोंडातून ब्र काढायची नाही. एकोणीस वर्षं हे असंच चाललं. कॉलेजने साठ तास समाजसेवेची अट घातली तेव्हाही तिने यादीतलं पहिलं ठिकाण घेतलं, कारण पुढची वाचत बसली असती तर मागच्या मुली खोळंबल्या असत्या. पहिलं ठिकाण होतं सरकारी इस्पितळातला मुलांचा वॉर्ड.

काम सोपं होतं. सुई टोचताना मुलाचा हात धरायचा आणि गोड बोलायचं. काय बोलायचं तेही मोठ्या सिस्टरांनी पढवून ठेवलं होतं: "काही दुखणार नाही." मोठ्या सिस्टर त्या वॉर्डात सत्तावीस वर्षं होत्या. त्यांच्यापुढे डॉक्टरसुद्धा जपून बोलत.

पाच नंबरच्या खाटेवर सहा वर्षांची एक पोर होती. प्रश्न विचारून सगळ्यांना भंडावून सोडायची, म्हणून तिला वकीलबाई म्हणत. पहिल्या दिवशी गोगलगायीने तिचा हात धरला आणि पढवलेलं वाक्य म्हटलं. सुई गेली. पोर रडली नाही. "ताई, तू खोटारडी आहेस," एवढं म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पुढचे आठ दिवस तिने गोगलगायीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

हे जिव्हारी लागलं. लागणारच, कारण असलंच एक गोड वाक्य हिच्याही वाट्याला आलं होतं. सात वर्षांची असताना तिला आईने सांगितलं होतं, बाबा बरे होऊन शनिवारी घरी येतात. ती उंबऱ्यावर बसून राहिली. एक शनिवार नाही, बरेच शनिवार.

आठव्या दिवशी संध्याकाळी आई शिलाई मशीनवर होती. गोगलगाय समोर जाऊन उभी राहिली.

"बाबा येणार नाहीत, हे तुला माहीत होतं ना?"

आईचा पाय थांबला. "तू लहान होतीस गं."

"म्हणून तर खरं सांगायचं होतंस."

आई हातातलं कापड सरळ करत बसली. पोरीला वाचा कुठून फुटली, हे तिला कळेना.

नवव्या दिवशी गोगलगाय पाच नंबरपाशी गेली आणि म्हणाली, "दुखेल."

वकीलबाई वळली. "किती?"

"मुंगी चावते त्यापेक्षा जास्त. बोट दारात चेंगरतं त्यापेक्षा कमी. आकडे तू मोज. तू 'आता' म्हणशील तेव्हाच सुई."

पोरीने अकरापर्यंत मोजलं आणि हात पुढे केला.

मग सगळा वॉर्डच मोजायला लागला. एकाला तीनच आकडे येत; तो तेच तीन पाच-पाचदा म्हणायचा. वेळ जायचा, हे खोटं नाही. पण आधी एकेका मुलाला दाबून धरायला तीन-तीन माणसं लागत, त्यात किती वेळ जायचा ते मात्र कोणी सांगत नसे.

मोठ्या सिस्टरांनी एक दिवस तिला बोलावलं. टेबलावर तिचा फॉर्म होता. त्यावर सही नसती तर कॉलेज परीक्षेला बसू देणार नव्हतं.

"अठ्ठावन्न तास झाले तुझे," सिस्टर म्हणाल्या. "हा पोरखेळ बंद कर. मी शिकवलं तेच बोल, आत्ता सही करते."

गोगलगायीने फॉर्म उचलला आणि घडी घालून खिशात टाकला.

"मग राहू दे सही. मी पोरांशी खोटं बोलणार नाही."

"उद्यापासून वॉर्डात पाऊल टाकायचं नाही!"

दुसऱ्या दिवशी तिने वॉर्डात पाऊल टाकलं नाही. दाराबाहेरच्या बाकावर ठाण मांडून बसली. बाकावर बसू नको, असं कोणी म्हटलं नव्हतं.

आतलं सगळं ऐकू येत होतं, उघड्या दारातून दिसतही होतं. "बाळा, काही दुखणार नाही," सिस्टर म्हणाल्या. "मग आधी तुम्ही टोचून घ्या," वकीलबाई म्हणाली आणि तिने हात पांघरुणात घातला. कोणीतरी खुदकन हसलं. मग सात नंबरनेही हात पांघरुणात घातला, मग नऊने.

थोड्या वेळाने मोठ्या सिस्टर बाहेर आल्या. घामाघूम झाल्या होत्या.

"चल आत. आण तो फॉर्म, सही करते."

"सही नंतर," गोगलगाय म्हणाली. "आधी तिला खरं सांगा. मी नाही सांगणार, तुम्ही सांगा."

सिस्टरांनी तिच्याकडे असं पाहिलं की कालची गोगलगाय तिथल्या तिथे विरघळली असती. ही जागची हलली नाही. शेवटी सिस्टरच वळल्या आणि पाच नंबरपाशी गेल्या. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. सुई खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"दुखेल," त्या म्हणाल्या.

वकीलबाईने पांघरुणातून हात बाहेर काढला.

"घाबरू नका," ती म्हणाली. "मी मोजते."