बन्सीधरचा दोर आणि काकूची अक्कल

बन्सीधर आणि त्याची बायको राजेश्री यांचं ते भांडण धुरपताबाईनं पत्र्याच्या कुडाआडून ऐकलं. ऐकायचं नव्हतं, पण शेंगा फोडायला नेमकी कुडाजवळचीच जागा तिला सोयीची वाटली. भांडण संपेस्तोवर चार शेंगा फुटल्या.

बन्सीधर तिचा पुतण्या. पेडगावच्या काळ्या रानात टेम्पो, ट्रॅक्टर रुतला की लोक त्यालाच बोलवत. त्याच्या जुन्या जीपला पुढं विंच होती. तिची पोलादी तार रुतलेल्या गाडीला अडकवायची आणि गुंडाळत ओढायची. ताणलेली तार तुटून उसळू नये म्हणून तिच्यावर जड वाकळ टाकायची. ही वाकळ धुरपताबाईची. त्या दिवशी तार तुटलीच. वाकळ फाडून बन्सीधरच्या कानाजवळून सणकन गेली.

"तार काढा, न्हाईतर जीपला हात लावू नका," राजेश्री म्हणत होती. "आता पोलादाएवढे पक्के नवे दोर निघालेत. हलके असतात, तुटले तरी असे मारत न्हाईत."

"दोर? म्हैस बांधायची हाय का मला?"

धुरपताबाईला राहवलं नाही. तिनं कुडावरून मान काढली. "लोखंड ते लोखंड! जन्मभर आडाचं पाणी शेंदलंय मी. दोराचं मला नका सांगू!"

राजेश्रीनं फाटकी वाकळ उचलून तिच्यापुढं धरली. भोक चांगलं डोकं जाईल एवढं. "काकू, ह्याच्यातून बघा बरं, काय दिसायलंय?"

पलीकडं पुतण्याचा कान दिसत होता. धुरपताबाई परत शेंगांकडं वळली.

दोर आला. केशरी, फेट्यासारखा. तार ज्या रोलरांमधून बाहेर यायची, त्यांच्यातूनच बन्सीधरनं तो ओवला. "रोलर फिरायलेत की मस्त," तो म्हणाला. "मग ते कशाला बदलायचे?" धुरपताबाईनं शहाणपण जोडलं.

खंडेनवमीला ती जीपला कुंकू लावायला वाकली आणि पदर रोलरला अडकला. ओढला तर टर्रकन फाटला. बन्सीधर पोट धरून हसला. राजेश्रीनं मात्र रोलरवरून बोट फिरवलं. तारेनं घासून घासून त्याला चरे पडले होते, अन् चऱ्यांना कुसळं आली होती.

"पदराला खातंय, ते दोराला सोडंल का?"

बन्सीधरचं हसू थांबलं. रोलर निघाले, त्यांच्या जागी बिनारोलरचं, गोल कडांचं गुळगुळीत तोंड बसलं. ही चूक आपणच हुडकली असं धुरपताबाई गावभर सांगत फिरली. हुडकली होती पदरानं. तिनं फक्त शिव्या दिल्या होत्या, त्याही पदरालाच. आडाच्या चाकाची कड फुटली होती आणि तिथंच दरसाल दोर तुटायचा, तेव्हाही ती दोर विकणाऱ्यालाच बोल लावायची.

आठ वर्षं तो दोर टिकला. बन्सीधरचे गुडघे तेवढे टिकले नाहीत. जीप बोरीच्या एका माणसाला द्यायची ठरली. सोमवारी तो न्यायला येणार. रविवारी फोन आला: गंगाखेडच्या वाटेवर उसाचा ट्रॅक्टर रुतलाय.

बन्सीधर दारात आला. "काकू, वाकळ."

"दोराला कशाला रे वाकळ?" तिनं दरवेळचंच विचारलं.

"टोकाचा हूक लोखंडाचा हाय की, उडाला म्हंजे? तूच म्हणतीस, लोखंड ते लोखंड."

तिनं ठिगळ लावलेली वाकळ दिली. "फाडून आणू नकोस."

दिवस मावळायला ट्रॅक्टर काढून तो आला. चिखलानं भरलेली, पण धड वाकळ घडी घालून नेहमीच्या जागी, उद्याही लागणार असल्यागत कुडावर टाकली आणि पाय धुवायला गेला.